पारटोलीचा 'र'

चि. बाईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुला सांगायला घेतलं आणि तेवढ्यात तुझी बस आली. गोष्ट अर्ध्यातच राहिली. म्हटलं, आता पत्रच लिहावं. धान चुरून झालं, पोती घरात आली. बाबा मासेमारी सोसायटीच्या लोकांसोबत जाळं टाकायला गेलेत, दुपारशिवाय येत नाहीत. अंगणवाडीची रजिस्टरं मी कालच पूर्ण केली. थंडी खूप आहे, चुलीपाशी बसून लिहून राहिले आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

गोष्ट अशी की 26 जानेवारीच्या ग्रामसभेत आपल्या टोलीचं नाव ठरणार आहे.

तुला माहीत आहे, सरकारी कागदावर आपली वस्ती 'ढिवरटोली' आहे. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर तेच, रेशन कार्डावर तेच, घरकुलाच्या यादीतही तेच. राज्य सरकारनं 2020 च्या डिसेंबरात ठरवलं की जातीवरून पडलेली वस्त्यांची, रस्त्यांची नावं बदलायची आणि त्यांच्या जागी समतानगर, क्रांतीनगर, ज्योतीनगर अशी नावं द्यायची. निर्णय चांगला आहे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. आपल्याकडे तो कागद फिरत फिरत आता आला. परवा ग्रामपंचायतीत बैठक झाली, मलाही बोलावलं होतं. पोरांचं म्हणणं, 'सरोवरनगर' ठेवू, ऐकायला छान वाटते. एकजण म्हणाला, तलाव आहे तर 'तलावनगर' म्हणा. मी म्हटलं, अरे, आपल्या टोलीला नाव आहे ना! आपण रोज तोंडानं म्हणतो ते. पारटोली.

तर सगळे म्हणाले, हो, हे बरोबर आहे. पण लिहायला घेतलं तेव्हा अडलं. लिहिणारे म्हणाले, 'पार' चुकीचं आहे, शुद्ध शब्द 'पाळ' आहे, ठरावात 'पाळटोली' लिहू. मी म्हटलं, थांबा, मला ग्रामसभेत बोलू द्या. तिथे बोलायचं ते आधी तुला सांगते. तू शिकलेली आहेस, काही चुकत असेल तर कळव.

तू अकरावीला तालुक्याला गेलीस, त्या वर्षीचं मला आठवते. प्रवेशाच्या वेळी कोणीतरी तुझा पत्ता मोठ्यानं वाचला आणि मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला, असं तू घरी येऊन सांगितलं होतंस. जेवली नव्हतीस. त्यानंतर कोणी गाव विचारलं की तू 'अर्जुनीजवळ' म्हणायला लागलीस, आणि पुण्याला गेल्यावर 'नागपूर साइड'. मी कधी टोकलं नाही. पण खरं सांगते, मला लागायचं. आपण ढिवर आहोत याची लाज नाही बाई, तुला शिकवलं ते त्याच जाळ्यानं. पण 'ढिवरटोली' हे नाव आपण ठेवलेलं नाही. ते बाहेरच्यानं विचारलं, 'तिकडे कोण राहते?' आणि कोणीतरी सांगितलं, 'ढिवर', त्यातून झालं. वस्तीचं नाव विचारलंच नव्हतं कोणी.

आता खरं नाव कुठून आलं ते सांगते. मला ते पुस्तकातून नाही कळलं, तुझ्या आजीकडून कळलं, तेही एका रात्रीत.

माझं लग्न होऊन पहिलाच पावसाळा होता. माझं माहेर तुला माहीतच आहे, तिकडे विहिरी आहेत, तलाव नाही. मला पाण्याचं भय वाटायचं. भरल्या तलावाच्या भिंतीखाली घर, आणि डोक्याच्या वर पाणी! पोळ्याच्या आधीची झड लागली होती. तीन दिवस ऊन नाही. तिसऱ्या रात्री तुझ्या आजीनं मला उठवलं. हातात कंदील, डोक्यावर पावसाचा मोरा. मला म्हणाली, "चाल वो, पारीवर जाऊ. पानी चढून रायला." मला वाटलं, पिंपळाच्या पारावर जायचं. आमच्याकडे पार म्हणजे झाडाभोवतीचा ओटा. म्हटलं, एवढ्या रात्री पारावर काय करायचं? ती काही बोलली नाही, चालायला लागली.

गेलो ते तलावाच्या पाळीवर, मातीच्या त्या भिंतीवर. एका बाजूला काळं पाणी काठोकाठ, सलंगावरून, म्हणजे जास्तीचं पाणी जायच्या वाटेनं, धो धो वाहून जात होतं. दुसऱ्या बाजूला खाली आपली घरं, एकदोन घरांत दिवा. आजी वरून चालली नाही. ती खालच्या अंगानं, उताराच्या पायथ्याशी, वाकून चालत होती आणि दर दहा पावलांवर जमिनीला तळहात लावत होती. एका ठिकाणी थांबली. माझा हात धरून मातीवर ठेवला. माती थंड होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं, बोटभर जाडीची धार. मी तर ओरडलेच. ती म्हणाली, "ओरडू नोको. पाय, पानी निवर हाये का गढूर?" कंदील जवळ नेला, ओंजळीत पाणी घेतलं. निवळ होतं. "निवर हाये तं पार घाम गारते," ती म्हणाली. "गढूर आला तं समज, पार चालली."

त्या रात्री मला तिचं ते कळलं नव्हतं, पुढे कळलं. मुरलेलं पाणी स्वच्छ येत असेल तर पाळीची माती जागेवर आहे. पाणी गढूळ आलं म्हणजे आतली माती वाहून चालली, आत भोक मोठं होत चाललं. खेकडे बिळं करतात, उंदीर करतात, जुन्या झाडाचं मूळ सडून पोकळी होते. एका बिळापासून सगळी पाळ जाऊ शकते. आणि ते बिळ बाहेरून बुजवून भागत नाही, पाण्याच्या अंगानं शोधावं लागतं. चिकणमातीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कालवून त्याचे गोळे करायचे, डुबी मारून बिळाच्या तोंडात कोंबायचे, पायानं दाबायचे. तुझ्या आजोबांनी हे कितीदा केलं, त्याची गणती नाही. डुबी मारणारे कोण? आपलेच लोक. पाण्यात श्वास धरायची सवय दुसऱ्या कोणाला होती?

पहाटे परत येताना आजीनं सांगितलं. हे पाळ राखणं म्हणजेच आपली टोली. गाव तिकडे, पाण्यापासून दूर, उंचावर वसलं. धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, खाली. पाळीखाली मुद्दाम घर बांधून कोण राहील? पाळ फुटली तर पहिलं घर तेच जाणार. तलाव बांधला तेव्हा वैनगंगेकाठून दोन भाऊ आले होते, माती टाकायला आणि पाण्यातली कामं करायला. काम झाल्यावर गावच्या पाटलानं त्यांना म्हटलं, तुम्ही इथेच राहा, पावसाळ्याचे चार महिने पाळ तुमची. रात्री फिरा, बिळं बुजवा, सलंगात गाळ-झाडं अडकली तर काढा. बदल्यात तलावातली मासोळी तुमची, काठावरची शिंगाड्याची जागा तुमची. ते दोघे पाळीखाली राहिले. म्हणजे आपले लोक तिथे फेकले गेले नव्हते, बाई. ज्याच्या भरवशावर गाव झोपायचं, त्याला त्या जागी बसवलं होतं. पाळीवरची टोली, पारटोली.

ही गोष्ट आजीला तिच्या सासूनं सांगितली, तिला तिच्या सासूनं. आपल्या टोलीत ही गोष्ट लेकी सांगत नाहीत, सुना सांगतात, कारण पाळीवर पहिल्यांदा भिऊन उभी राहते ती सूनच.

आता 'र' चं सांगते. हा मुद्दा मला ग्रामसभेत नीट मांडायचा आहे.

आपल्या झाडीपट्टीच्या बोलीत 'ळ' नाही. वऱ्हाडात 'ळ' चा 'य' होतो, तिकडे डोळ्याला 'डोया' म्हणतात. आपल्याकडे 'ळ' चा 'र' होतो. डोळा तो डोरा, काळा तो कारा, तळं ते तरा. 'ण' चा 'न' होतो म्हणून पाणी ते पानी. हे अडाण्यांचं बोलणं नाही, भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून बोलतो ती झाडीबोली आहे. तिच्यात दंडार, आपलं लोकनाट्य, होते, तिच्यात लग्नाची गाणी आहेत. आपण तिच्यात रडतो आणि तिच्यातच पोरं निजवतो. मग पाळीला आजी 'पार' म्हणाली ते चूक कसं? पुण्यामुंबईचा माणूस 'पारटोली' वाचेल तर त्याला वाटेल, पिंपळाच्या पाराजवळची टोली. किंवा तलावाच्या पलीकडची, पार गेलेली. वाटू दे. विचारेल तेव्हा सांगू. 'पाळटोली' लिहिलं तर अर्थ लगेच कळेल, पण ते नाव कोणाच्या तोंडातलं असेल? आपल्या एका तरी म्हाताऱ्या माणसानं कधी तसं म्हटलं आहे का? कागदावर एक आणि जिभेवर एक, असं पुन्हा होईल. पहिल्यांदा जातीचं नाव लावून झालं तेच आता शुद्धलेखन लावून होईल.

मी आमच्या त्या बैठकीत म्हटलं, गावांची नावं बघा ना आपल्याच भागात. शेजारी दोन अर्जुनी झाल्या तर लोकांनी काय केलं? एक सडकेवरची, ती सडक अर्जुनी. दुसरी मोरगावाला लागून, ती अर्जुनी मोरगाव. कुठल्या साहेबानं बसून ठरवलेलं दिसत नाही ते, वाट सांगता सांगता पडलेलं नाव आहे. दोन सारखी गावं असली की थोरल्याला बुद्रुक, धाकट्याला खुर्द म्हणतात. ते शब्द फारसीतून आले, पण आता कोणाला परके वाटत नाहीत. आणि पाणी अडवलेली गावं तर आपली ओळखच सांगून बसलीत: नवेगाव बांध, सिरेगाव बांध, साकोलीकडे शिवनी बांध. बांध आहे म्हणून गाव आहे, हे नावातच आलं. डोंगराखालच्या टोल्यातली आपली गोंड मैत्रीण पाण्याला 'येर' म्हणते आणि गावाला 'नार'. तिला कोणी म्हणत नाही की 'पाणी' म्हण.

नवेगाव बांधला तुला लहानपणी नेलं होतं, तू पाखरं बघत बसली होतीस. तेव्हा तुला पाखरांशिवाय दुसरं काही ऐकायचं नव्हतं, म्हणून सांगायचं राहिलं. तो एवढा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. त्याच्याभोवती सात टेकड्या आहेत, त्यांना 'सात बहिणी' म्हणतात, आणि त्या बहिणींनी कोलू पाटलाला बांधकामात मदत केली अशी श्रद्धा आहे. आज कोलू पाटील देव झालेत. लोक त्यांना कोलासूर म्हणतात आणि टेकडीवर त्यांचं ठाणं आहे. मला हे फार मोठं वाटते. राजाचा देव झाला, साधूचा देव झाला, हे पुष्कळ ठिकाणी दिसते. पाणी अडवणाऱ्या शेतकऱ्याचा देव झाला, ते आपल्याकडे.

कोहळी लोकांची गोष्ट अशी की चांद्याचे, म्हणजे चंद्रपूरचे, गोंड राजे काशीला गेले होते, तिथे त्यांनी या लोकांची उसाची शेती पाहिली आणि त्यांना इकडे आणलं. असंही सांगतात की जो जंगल तोडून गाव बसवेल त्याला गाव, आणि जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन, असं गोंड राजांचं बोलणं होतं. म्हणून आपल्या भागात एवढे तलाव. सगळे मिळून सहा हजारांवर जातात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर धरून. त्या लोकांना जमिनीची नजर होती. दोन टेकड्यांमधली खिंड बघायची, तेवढीच मातीनं बंद करायची. म्हणजे थोड्या मातीत खूप पाणी. सलंग टेकडीच्या बाजूला, खडकावरून काढायचा, जास्तीचं पाणी मातीवरून जाता कामा नये. खाली पाणी सोडायला तुडूम. वरच्या तलावाचं वाहिलेलं पाणी खालच्या तलावात, त्याचं त्याच्या खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. आपला तलाव लहान आहे, पण त्याचं सगळं असंच आहे. तू आता इंजिनिअर लोकांमध्ये काम करतेस, त्यांना एकदा दाखव.

पण माती कोणी टाकली? एवढं मात्र कुठल्याच गोष्टीत येत नाही. कोलू पाटलाचं नाव राहिलं, चांगलं झालं. टोपली उचलणाऱ्या बायांचं राहिलं नाही. कोहळी, गोंड, ढिवर, महार, सगळ्यांच्या बाया असतील. खालची माती खणून टोपलीत भरायची, वर न्यायची, ओतायची, पायानं तुडवायची, परत खाली जायचं. पाळ थरावर थर चढली ती अशी. मी रोजगार हमीवर याच पाळीचं काम दोन उन्हाळे केलं आहे, तू पोटात होतीस तेव्हा एक उन्हाळा. डोक्यावरची चुंबळ ओली व्हायची घामानं. संध्याकाळी मागे वळून पाहिलं तर पाळ तेवढीच दिसायची. मग कळायचं की ही एवढी उंच कशी झाली असेल. म्हणून मला नावात 'पार' पाहिजे. आमच्या लोकांचं दुसरं काही लिहिलेलं नाही कुठे, या शब्दात तेवढं आहे.

आणि या पाळीनं किती नावं पाहिली बघ. तुझी आजी जन्मली तेव्हा हे मध्य प्रांत आणि वऱ्हाड होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा मध्य प्रदेश. 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्य, 1960 ला महाराष्ट्र. आजी घरातून हलली नाही आणि तीन राज्यांत राहून झाली. मी आले तेव्हा जिल्हा भंडारा. 1999 च्या 1 मेला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तुझ्या दादाच्या जन्मदाखल्यावर भंडारा आहे आणि तुझ्या दाखल्यावर गोंदिया. एकाच खोलीत, एकाच खाटेवर जन्मलेली तुम्ही भावंडं. वरची नावं सगळी बदलली. खालचं, तोंडातलं, एकदाही बदललं नाही.

तलावाचंही नाव बदललं. लहानपणी तू मला विचारायचीस, याला 'मामा तलाव' का म्हणतात, कोणाचा मामा? तेव्हा मी हसून टाळलं होतं. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची पहिली अक्षरं आहेत ती. भोसल्यांचं राज्य गेल्यावर इंग्रजांनी गावचा वसूल भरणाऱ्यांना मालगुजार करून गावाची मालकी लिहून दिली. तलावही त्यांच्या नावे झाले. तेव्हाही गावाचे हक्क होते, सरपण, चराई, गुरांना पाणी, मासोळी. त्याला 'निस्तार' म्हणतात, आणि ते हक्क 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात लिहिलेले असायचे. 1950 चा कायदा झाला आणि 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपली. तलाव सरकारचे झाले. कोणाची मालकी संपली याचं मला दुःख नाही, संपायलाच पाहिजे होती. पण त्याच्यासोबत एक गोष्ट मोडली. आजी सांगायची की आधी दर उन्हाळ्यात गाव जमायचं. गाळ काढायचा, पाळीला माती चढवायची, नहरा साफ करायच्या. सरकारचा झाल्यावर जो तो म्हणायला लागला, आता सरकार करेल. सरकारला एवढ्या तलावांवर पोचायला वेळ लागला. गाळ साचला, बेशरमाची झाडं काठानं माजली, कमळं गेली. आपल्या लोकांना पाळीसाठी मासोळी मिळायची, आता मासोळीसाठी सोसायटीनं लीज भरायची आणि पाळ कोणाचीच नाही, असं झालं.

तरी पावसाळ्यात रात्री फिरतात आपले लोक. त्याचं कोणी सांगितलेलं नाही, कोणी पैसे देत नाही. मागच्या भादव्यात बाबा आणि शेजारचे दोघे सलग चार रात्री गेले. एका जागी गढूळ धार निघाली होती. बाबांचं वय झालं, मी म्हटलं डुबी मारू नका, पण ऐकतात का? तिसऱ्या डुबीला बिळ सापडलं. वर आले तेव्हा ओठ निळे पडले होते आणि हसत होते. मी तणसाचे गोळे करून देत होते, माझ्या नखांतली माती आठ दिवस गेली नाही. तुला फोनवर सांगितलं नाही, तू काळजी करशील म्हणून. आता सांगते, कारण त्या रात्रीच मी ठरवलं होतं की नावाचा विषय निघाला तर गप्प बसायचं नाही.

'सरोवरनगर' म्हणणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. त्यांनाही तुझ्यासारखंच कुठेतरी हसलं असेल कोणी. त्यांना असं नाव पाहिजे की जे सांगताना मान खाली जाणार नाही. पण नाव बदलून मान वर होते का, हे मला कळत नाही. नावाची गोष्ट माहीत असली तर होते, असं मला वाटते, कारण माझी झाली. मी इथली नव्हते, सून म्हणून आले. त्या रात्री ओंजळीतलं निवळ पाणी पाहिलं आणि मी इथली झाले. पोरांना मी म्हटलं आहे, यंदाच्या झडीत माझ्यासोबत पाळीवर या. दोघे हो म्हणाले.

बाकी इकडे बरं आहे. धान बरा झाला, भारी, म्हणजे उशिरा निघणाऱ्या, धानाला शेवटचं पाणी तलावानं दिलं म्हणून. मरळ यंदा कमी निघून राहिली, झिंगे मात्र भरपूर. तुझ्यासाठी डबाभर वाळवून ठेवले आहेत. सकाळी तलावावर बदकं एवढी उतरतात की पाणी दिसत नाही. परवा सारसाची जोडी बांधीत उतरली होती, बाबांनी अर्धा तास बैलबंडी धुऱ्यावरच थांबवून ठेवली, ती उडेपर्यंत.

ठरावासाठी मी अर्ज लिहिला आहे. 'ढिवरटोली हे नाव रद्द करून पूर्वापार चालत आलेले पारटोली हे नाव, याच उच्चाराने व याच अक्षरांत, सर्व दप्तरी नोंदवावे.' 'याच अक्षरांत' हे शब्द मी दोनदा गिरवलेत. मतदार यादीतल्या लोकांनी ग्रामसभेत हजर राहून हात वर करायचा आहे. तुझं नाव तू अजून पुण्याला नेलं नाहीस, आपल्या वॉर्डाच्या यादीत आहे, माझ्या खालीच. महाराष्ट्र एक्सप्रेसनं गोंदियाला उतर, तिथून बल्लारशाच्या गाडीनं अर्जुनी. बाबा मोटरसायकल घेऊन स्टेशनवर येतील. सुट्टी मिळत असेल तर 25 तारखेच्या रात्रीपर्यंत पोच, सभा सकाळी झेंड्यानंतर लगेच आहे.

तुझी,
आई
पारटोली